काकू, ॲपवर तेल स्वस्त कसं?

या खेपेला एकोणीस पत्रं आली. त्यांतली अकरा एकाच विषयावर, मोबाइलवरून मागवलेल्या किराण्यावर. पाच निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात १९९४ पासून मी किराणा दुकान चालवलं. आता गल्ल्यावर मुलगा बसतो आणि मी बाहेर ओट्यावर. माझं उत्तर दुकानदारिणीचं आहे हे धरूनच वाचा. जिथं मी आम्हा दुकानदारांची बाजू घेतेय असं वाटेल, तिथं शंका घ्यायला मोकळीक आहे.

काकू, माझा मुलगा पुण्याला नोकरी करतो. दिवाळीत आला तेव्हा त्यानं माझी किराण्याची यादी ॲपवर टाकून पाहिली. बारा जिनसा. ॲपवर २,१४० रुपये, गावच्या दुकानात २,३१०. मुलगा म्हणतो, "आई, हा शेठ तुले लुटून राहिला." आम्ही पंधरा वर्षांपासून याच दुकानातून सामान नेतो, कापूस विकला की हिशेब करतो. खरंच लूट आहे का?
— एक गृहिणी, ता. देवळी, जि. वर्धा

ताई, तुमच्याच पत्रातले चार शब्द परत वाचा. 'कापूस विकला की हिशेब.' त्या १७० रुपयांतले बरेचसे तिथं आहेत.

मुलाला कागद-पेन घेऊन बसवा. समजा, एक घर जून ते नोव्हेंबर दर महिन्याच्या एक तारखेला २,००० रुपयांचं सामान उधारीवर नेतं. डिसेंबर संपताना, पहिला-दुसरा वेचा विकून, सगळं चुकतं करतं. सामान झालं १२,००० चं. जूनच्या सामानाचे पैसे दुकानदाराला सात महिन्यांनी मिळाले, जुलैचे सहा महिन्यांनी, असं उतरत नोव्हेंबरचे दोन महिन्यांनी. सात, सहा, पाच, चार, तीन, दोन मिळून सत्तावीस. म्हणजे २,००० रुपये सत्तावीस महिने अडकले. शेकडा दोन रुपये महिना धरलं तर व्याज झालं १,०८० रुपये, शंभरामागं नऊ. शेकडा एकनंच धरा, तरी साडेचार पडतात. तुमच्या यादीतला फरक आहे शंभरामागं आठच्या आत. ॲपवाला नगदी भाव सांगून राहिला आणि तुमचा शेठ उधारीचा. दोन वेगळ्या मालांचे भाव शेजारी ठेवले की एक जण चोर दिसणारच.

आमच्याकडं लाल कापडी पुठ्ठ्याची वही असायची. एका घराला एक पान. पानावर नाव असेलच असं नाही, 'विहिरीजवळचे', 'रेल्वेवाले', 'मोठ्या बाईकडचे' असंही लिहिलेलं. पेरणी आटोपली की घराघरातला पैसा मातीत गेलेला असतो. मग पोळ्यापर्यंत रोज तेच, "काकू, लिहून ठेवजा जी, कापूस निंघाला की देतो." मी लिहून ठेवायचे. व्याज म्हणून एक रुपया कधी वेगळा मांडला नाही. तो भावातच असायचा, आणि हे घेणाऱ्यालाही ठाऊक असायचं.

भावात आणखीही एक गोष्ट असते, ती मात्र तेव्हा मी कुणाला सांगितली नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस खाल्ला. त्या सालची वही मी अजून कपाटात ठेवलीय. अठ्ठेचाळीस पानं, त्यांतल्या सोळा पानांखाली हिशेब चुकल्याची रेघ आजवर मारली गेली नाही. बँकेच्या कर्जाला कर्जमाफी होते, वहीतल्या उधारीला नाही. त्या सोळा घरांचे पैसे थोडे मी भरले आणि थोडे उरलेल्या बत्तीस घरांनी, त्यांना न विचारता. साबणावर पन्नास पैसे, डाळीवर रुपया. वेळेवर पैसे देणाऱ्या माणसाला न देणाऱ्याचा भार उचलायला लावणं बरोबर होतं का? नव्हतं. पण माझ्या जागी बसून दुसरं काय केलं असतं, हे मला आजही सुचत नाही.

आता ॲपची बाजू. यादी तपासली तर तेल, साखर, कणिक यांतच फरक मोठा निघेल आणि मसाल्यात, साबणात कमी. तुमची यादी न बघता पैज लावते. साखर मीही जवळपास खरेदीच्याच भावानं द्यायचे. साखरेचा भाव सगळ्यांच्या तोंडी असतो, ती स्वस्त दिसली की गिऱ्हाईक बाकीचं सामानही इथंच बांधून घेतं. मोहरी किती रुपये पाव हे कुणाला पाठ नसतं, तिथं दुकानदार भरून काढतो. ॲपवाल्यांनी यात नवीन काही शोधलं नाही. त्यांच्याकडं एक जास्तीची कमाई आहे. मोबाइलच्या पडद्यावर आपलं बिस्कीट वर दिसावं म्हणून कंपन्या त्यांना पैसे देतात. माझ्या फळीवर समोर मांडायचे मला कंपनीनं फार तर एक घड्याळ दिलं, तेही वर्षभरात बंद पडलं.

आणि काही भाव नुसतेच घाट्यात चाललेले असतात. मागं गुंतवणूकदार उभे असतात म्हणून ते चालतात. अमेरिकेत वेबव्हॅन नावाच्या कंपनीनं १९९९ मध्ये घरपोच किराणा सुरू केला. भली मोठी यांत्रिक गोदामं बांधली, गिऱ्हाइकानं सांगितलेल्या अर्ध्या तासात गाडी दारात. लोक खूश होते. २००१ च्या जुलैत कंपनीचं दिवाळं निघालं, कारण गोदामाचा खर्च भागेल एवढ्या पिशव्या रोज निघतच नव्हत्या. आपल्याकडं २०११ साली बंगळुरूत सुरू झालेल्या बिगबास्केटचा मोठा वाटा २०२१ मध्ये टाटांनी घेतला. ग्रोफर्सचं त्याच वर्षी ब्लिंकिट झालं आणि २०२२ मध्ये झोमॅटोनं ते विकत घेतलं. मालक बदलला की सूट राहीलच असं नाही. आज मिळतेय तोवर घ्यायला मात्र काही हरकत नाही, सूट देणाऱ्याची काळजी आपण कशाला करायची?

यादी ताडताना दोन गोष्टी पाहा. तेलाच्या पाउचवरचे ग्रॅम वाचा. एक लिटर सोयाबीन तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. पण तेवढंच दिसणारं ८५० आणि ८०० ग्रॅमचं पाउचही बाजारात आहे. हातात धरून कळत नाही, मला तीस वर्षांनंतरही कळत नाही, काट्यावरच ठेवावं लागतं. दुसरं, सुट्या तुरीच्या डाळीवर जीएसटी नाही. पाकिटबंद, छापील डाळीवर मात्र जुलै २०२२ पासून ५ टक्के लागतो. तेव्हा दुकानातली सुटी डाळ पाकिटापेक्षा स्वस्त पडायला हवी. पडत नसेल तर शेठला तेवढं नक्की विचारा.

आता करायचं काय. कापसाचे पैसे हातात आले की जुना हिशेब चुकता करा आणि तिथंच उभं राहून विचारा, "शेठ, यापुढं नगदी नेलं तर भाव काय?" शंभरामागं चार-पाच रुपये तरी तो उतरला पाहिजे. उतरत नसेल तर तुमचा मुलगा खरा. पण नगदीचं ॲपवरून आणि उधारीचं शेठकडून असं सुरू केलंत, तर पुढच्या जूनमध्ये तुमचं पान बंद झालेलं असेल. मीही केलं असतं.

काकू, नागपूरला शिकायला होतो तेव्हा दहा मिनिटांत दूध दारात यायचं. आता गावी परत आलो. ॲप उघडलं की 'आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही' एवढंच. पैसे आमचेही तेवढेच खरे आहेत. हा खेड्यांशी भेदभाव नाही का? सरकारनं कंपन्यांवर सक्ती करायला हवी.
— एक पदवीधर, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

राग समजतो. पण दहा मिनिटांचं दूध येतं कुठून हे तुम्ही नागपुरात पाहिलं असेल. मागच्या गल्लीत शटर अर्धं ओढलेलं एक गोदाम असतं, त्याच्या दोन-तीन किलोमीटरच्या आत हजारो दारं. एक पोरगा तासाभरात तीन-चार पिशव्या टाकून येतो, तेव्हा कुठं पेट्रोल आणि मजुरी निघते. तुमच्या गावात घरं किती? दोनशे? पुढचं गाव पाच किलोमीटरवर, मधे नाला. एक लिटर दुधासाठी एक फेरी, आणि परतीला गाडी रिकामी.

टपाल खात्याचं निराळं. पाऊस असो की पूर, पत्र न्यायचं ते न्यायचंच. पिनकोडही त्यांनीच १९७२ साली काढला, सारख्या नावांच्या गावांत पत्र चुकू नये म्हणून. खासगी कंपनी तोच पिनकोड वापरून कुठं जायचं नाही ते ठरवते. यात खेड्याचा द्वेष नाही, तिच्या वहीत तुमच्या फेरीचा आकडा लाल येतो एवढंच. सक्ती केली तर तो लाल आकडा कुणाच्या तरी माथी मारावाच लागेल, नागपूरच्या गिऱ्हाइकाच्या किंवा सरकारच्या. टपालात सरकार घाटा सोसतं. तुमच्या चिप्सच्या पुड्यासाठी सोसावा असं मला वाटत नाही.

टिकाऊ सामान कुरिअरनं येतंच की, चार-आठ दिवसांत. माझीच फजिती ऐका. डॉक्टरांनी साखरेमुळं ओट खायला सांगितले. आमच्या दुकानात ओट नाहीत, ठेवले असते तर पाकीट मुदत संपेस्तोवर फळीवरच राहिलं असतं. म्हणून सुनेच्या मोबाइलवरून गुपचूप मागवले. नवव्या दिवशी पार्सलवाला पोट्टा मोटारसायकल थांबवून पत्ता विचारत आला तो नेमका आमच्याच दुकानात. चार गिऱ्हाइकं उभी. त्यानं खोक्यावरचं माझं नाव मोठ्यानं वाचलं. कुणीतरी म्हणालं, "का बाप्पा, दुकानदारच ॲपवरून मांगवून राहिले आता?" खोकं एका कोपऱ्यातून भिजलेलं, आत दोनातलं एक पाकीट गच्च. तरी माझ्या मुलानं त्याला चहा पाजला, कारण आमच्यासारखी तीन गावं पालथी घालून तो पोट्टा वर्ध्याला परत जाणार होता.

आणि सेवा आलीच, तर ती कुणापर्यंत पोचेल हेही पाहून घ्या. सांजच्याला निंदणाहून परतणाऱ्या बाया आमच्याकडं येतात. हातात त्या दिवसाची मजुरी. दहाचं तेलाचं पाउच, पाचची चहापत्ती, पाव किलो साखर, एक शॅम्पूची पुडी. पुडीत, चिल्लर माल महाग पडतो हे त्यांनाही कळतं, पण महिन्याचा डबा एकदम घ्यायला महिन्याचे पैसे एकदम लागतात. ठरावीक रकमेच्या आत मागवलं तर ॲप पोहोचवण्याचे वेगळे पैसे लावतं. तीस रुपयांच्या सामानावर तेवढेच पैसे पोहोचवण्याचे द्यायला कोण तयार होईल?

एजन्सीवाला मला ज्या भावानं साबण देतो, त्याहून कमी भावात तोच साबण ॲपवर गिऱ्हाइकाला मिळतो. म्हणजे माझी खरेदीच महाग. कंपन्या असं करू शकतात का? आणि मी माझा माल ॲपवरूनच भरू का?
— एक दुकानदार, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

दादा, दुखणं खरं आहे. तुम्ही एकटे नाही. २०२२ च्या सुरुवातीला याच भावफरकावरून महाराष्ट्रातल्या वितरकांनी एका टूथपेस्ट कंपनीचा काही माल उचलणं बंद केलं होतं.

कंपनी असं करू शकते. जास्त उचलेल त्याला कमी भाव, हा ठोक बाजाराचा जुना रिवाज. तुम्ही-मी नागपूरच्या इतवारीत जाऊन दहा कट्टे घेतले की अकराव्यावर घासाघीस करतोच ना? कायद्याची रेघ दुसरीकडं आहे. विदेशी पैसा असलेल्या ऑनलाइन बाजारपेठेला स्वतःचा माल ठेवून विकता येत नाही, ती फक्त विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालू शकते. भाव ठरवण्यात तिनं हातही घालायचा नाही. हे नियम २०१८ च्या डिसेंबरात कडक केले आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाले. पूर्ण देशी पैशाच्या कंपनीला ते बंधन नाही. आणि २००२ च्या स्पर्धा कायद्याप्रमाणं घाट्यात विकणं हा आपोआप गुन्हा होत नाही. बाजारावर आधीच पकड असलेल्यानं दुसऱ्याला संपवायला तसं केलं, तरच तो होतो. दहा मिनिटवाल्यांविरुद्ध वितरकांच्या देशभरच्या संघटनेनं २०२४ मध्ये तशी तक्रार केली. तुमची-माझी दुकानं त्या निकालाची वाट बघत बसू शकत नाहीत.

ॲपवरून माल भरायचा तर भरा. मुलानं एकदा कपड्यांच्या साबणाचे दोन खोके तसे आणले. फायदा झाला. दुसऱ्या खेपेला भाव चढला, एका माणसाला किती द्यायचे यावर मर्यादा आली, आणि बिघडलेला माल परत घ्यायला कुणी आलं नाही. एजन्सीचा माणूस निदान उंदरानं कुरतडलेला पुडा बदलून देतो. बिल मात्र दुकानाच्या नावानं घ्या आणि एमआरपीच्या वर पैसाही लावू नका. शहरातून आणायला भाडं लागलं हे कारण कायद्याला चालत नाही.

मुलानं पुढं वेगळंच केलं. बारा तऱ्हेचे साबण होते, ते चार केले. रिकाम्या फळीवर सुटा माल वाढवला. हळद, दळलेली मिरची, जवस, फल्लीदाणे, मोहरी, चारोळी. ज्या पाकिटावर कंपनीचं नाव आणि भाव छापलेला, त्यात आपल्या हाती दोन-तीन रुपयांपलीकडं काही नसतं, आणि तिथंच ॲप आपल्याला हरवतं. सुट्या मालात निवड आपली, शब्द आपला. तुम्ही तर समुद्रपूर तालुक्यातले, वायगाव तुमच्या उशाशी. तिथल्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, भिवापूरच्या मिरचीलाही. तुमच्या फळीवर मात्र परराज्यातल्या कुठल्या तरी कंपनीची पिवळी पुडी लटकत असणार. खोटं असेल तर कळवा, पुढच्या अंकात माफी मागते.

ऑनलाइन मागवलेल्या पाच किलो तुरीच्या डाळीत पोरकिडे निघाले. परत घेत नाहीत. शिवाय बिलात न मागता 'हाताळणी शुल्क' आणि पाच रुपये देणगी जोडलेली होती.
— एक शिक्षक, आर्वी

गुरुजी, थोडक्यात सांगते. पाकिटाचा, त्यावरच्या तारखेचा आणि किड्यांचा फोटो आजच काढून ठेवा. डाळ निवडायला बसू नका. आधी ॲपमध्ये लेखी तक्रार करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं त्यांच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. नाही लावला तर १९१५ वर फोन करा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. त्याहून पुढं वर्ध्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथं फी नाही. न विचारता टोपलीत काही टाकणं आणि शेवटच्या पायरीला शुल्क उघड करणं, या दोन्ही गोष्टी सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या युक्त्यांच्या यादीत घातल्या आहेत. तेरा युक्त्यांची यादी आहे ती. 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई करणंही तिच्यातच येतं. माझे सासरे सणाच्या आधी हे वाक्य दिवसातून चाळीसदा म्हणायचे, मागं पोती रचलेली असताना.

काकू, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अर्थशास्त्रात शिकवतात की मुक्त बाजारात भाव मागणी-पुरवठ्यानं ठरतो. बाबांनी तूर साडेसहा हजार रुपये क्विंटलनं विकली. तीच डाळ होऊन ॲपवर १३० रुपये किलोनं दिसते. साबणावर कंपनी आपला भाव छापते. आमच्या तुरीवर बाबा का छापू शकत नाहीत? आम्ही मुक्त नाही का?
— एक विद्यार्थिनी, ता. केळापूर, जि. यवतमाळ

पोरी, या अंकातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा.

आधी हिशेब करू. एक क्विंटल तुरीची डाळ साधारण सत्तर किलो पडते, बाकी चुरी आणि टरफल ढोरांच्या तोंडी जातं, त्याचेही थोडे पैसे येतात. साडेसहा हजाराला सत्तरनं भाग, त्र्याण्णव रुपये होतात. १३० तून ते वजा कर, सदतीस उरले. त्यात डाळ मिल, पोतं, हमाली, गाडीभाडं, अडतीचा आणि ठोकवाल्याचा वाटा, पाकीट, कर, ॲपचं गोदाम आणि शेवटी दारापर्यंत येणारा पोट्टा. सदतीस रुपये सगळे एकाच्या खिशात जात नाहीत. पण सगळ्यांना आपापला वाटा आधी मिळतो आणि उरेल तो तुझ्या बाबांचा, हे तुला खुपलंय. मलाही खुपतं.

साबणावर छापलेला भाव हा वरचा भाव आहे, त्याच्या वर विकायचं नाही. खाली विकायला कुणाची ना नाही, म्हणून तर ॲप सूट देतं. तुरीला याच्या उलट खालचा भाव आहे, हमीभाव. २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला ८,००० रुपये. पण त्या भावानं घ्यायची सक्ती व्यापाऱ्यावर नाही. सरकारी केंद्रावर नोंदणी करून, नंबर लागेपर्यंत थांबेल त्यालाच तो मिळतो. साबणवाली कंपनी थांबू शकते. बाबांना जानेवारीतच बँकेचा हप्ता, दुकानाची वही आणि तुझी फी भरायची असते. आणि त्याच पंधरवड्यात सगळा तालुका तूर घेऊन बाजार समितीत उभा असतो. विकणारे हजार, घेणारे बोटावर मोजण्याइतके.

आजोबांना एकाधिकार खरेदीचं विचार. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस फक्त सरकारी केंद्रावर द्यावा लागे, शेजारच्या राज्यात भाव चढला तरी. तुमच्या पांढरकवड्याहून आदिलाबाद किती लांब? रात्री किती कापूस चोरून तिकडं गेला असेल, आजोबा सांगतीलच. भाव सरकारनं बांधलेला, पण चुकारा, म्हणजे दिलेल्या कापसाचे पैसे, उशिरा यायचा. चुकाऱ्याच्या वाटेकडं शेतकऱ्याचे डोळे आणि शेतकऱ्याच्या वाटेकडं माझ्या वहीचे. मी दुकान उघडलं तेव्हा ते सगळं चालू होतं. या शतकाच्या सुरुवातीला खासगी व्यापाऱ्याला वाट मोकळी झाली. तेव्हा चुकारा हातोहात मिळायला लागला आणि भाव मात्र रोजचा जुगार झाला. दोन्ही काळांत माझी उधारीची वसुली अडकलेली मी पाहिलीय, कारणं तेवढी वेगळी होती.

बाबांसाठी एक कामाची गोष्ट. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना असते, बाजार समितीमार्फत. तूर, सोयाबीन गोदामात ठेवायचं. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा टक्के व्याज, मुदत सहा महिने. जानेवारीचे हप्ते त्यातून निघतात आणि तूर मे-जूनमध्ये विकता येते. भाव चढेलच याची हमी नाही, हे बाबांना आधी सांग. एखाद्या वर्षी उतरतोही. तुमच्या समितीत योजना चालू आहे का ते तूर काढायच्या आधी विचारून या. जाताना सातबारा, आधार आणि पासबुक न्या. माल चाळणी मारून, वाळवून न्या, ओलावा जास्त निघाला तर गोदामवाला दारातूनच परत पाठवतो.

आणि एक पोतं घरीच ठेवा, विकू नका. तुझ्या आजीला भिजवून, वाळवून, जात्यावर भरडायची रीत येत असेल. डाळ झाली की पाच किलो माझ्याकडं पाठव. ॲपच्या भावानं घेईन, नगदी.